तेल लावूनही गोचीड परत येतात? कुत्र्याच्या अंगापासून घराच्या भिंतीपर्यंत काय तपासायचं

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळली तर पुढचं तुमच्याच कामाचं आहे.

– तेल लावल्यावर चार-पाच दिवस बरे जातात, मग कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यात पुन्हा गोचीड.
– मोठे सगळे वेचून काढले, तरी दोन-तीन आठवड्यांनी मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक गोचीड डझनावारी दिसतात.
– भिंतीवर, पडद्यावर, कूलरच्या मागे चालणारे गोचीड.
– तेल लावलं की कुत्रा अंग चाटत सुटतो, लाळ गाळतो, सोफ्याला अंग घासतो.
– काखेत, पोटावर लाल चट्टे, केस विरळ, अंगाला कुबट तेलकट वास.

आणि कुत्रा जेवत नाहीये, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या पडल्यात, नाकातून रक्त येतंय, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके आहेत किंवा लघवी तपकिरी होतेय, असं काही असेल तर वाचणं इथेच सोडा आणि डॉक्टरांकडे जा. तो टिक फीवर, म्हणजे गोचिडाच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो. त्यावर कुठल्याही तेलाचा काडीचाही उपयोग नाही.

मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये घरच्या घरी कुत्र्यांना आंघोळ घालायचं, केस-नखं कापायचं काम करते. लोकमान्यनगर, सुदामानगर, कधी पार रामबागेतूनही कुत्री येतात. मार्च लागला की तक्रारी सुरू होतात आणि पाऊस ओसरेपर्यंत थांबत नाहीत. तक्रार एकच असते: "ताई, नीमतेल लावतोय की, तरी जात नाहीत." उत्तरही बहुतेक वेळा एकच निघतं. तेल लागतं कुत्र्याला आणि गोचीड राहतो घरात.

शहरातल्या कुत्र्यांवर मुख्यतः जो तपकिरी गोचीड सापडतो, तो आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर काढतो. रक्त पिऊन झालं की खाली उतरतो, फटीत शिरतो, तिथे कात टाकतो किंवा अंडी घालतो. तुम्ही अंगणात बसून तेल चोळत असता, तेव्हा त्याची बाकीची पलटण भिंतीत मजेत असते.

दुसरं कारण खुद्द तेलाचं. तेल चुकीचं किंवा प्रमाण चुकीचं, म्हणजे गोचीड तर जात नाहीतच, वर कुत्रा आजारी पडतो. खालच्या तपासण्यांचा क्रम एरवी स्वस्तापासून महागाकडे, सोप्यापासून अवघडाकडे लावलाय. तेलाची बाटली तपासायला पैसे लागत नाहीत, पण ती चुकली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिलंय.

१. तो गोचीडच आहे ना?

हसू नका. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. "पोटावर ओळीने गोचीड बसलेत, ओढून निघत नाहीत, तेलानेही सुटत नाहीत," असं म्हणत लोक येतात आणि बिचाऱ्या कुत्र्याचं पोट सुजलेलं असतं. पोटाच्या दोन्ही बाजूंना साधारण समोरासमोर, जोडीजोडीने काही दिसलं तर हात लावू नका. चामखीळ आणि मस यांचंही तेच होतं. बॅटरीच्या उजेडात केस बाजूला करा. गोचिडाला कातडीजवळच्या टोकाला पाय असतात. मोठ्याला आठ, अगदी नवजात बारक्याला सहा. पाय दिसत नसतील तर ओढायचं नाही.

पिसवा असतील तर त्या पळतात, उडी मारतात आणि केसांच्या मुळाशी काळी पूड सोडतात. ती पूड ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली की लालसर डाग पसरतो. पिसवांचा उपचार वेगळा, पुढचं सगळं गोचिडांसाठी आहे.

२. सगळ्या जागा बघता का, आणि काढता कसे?

पाठ आणि मान सगळेच बघतात. राहून जातात त्या जागा अशा: कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, पुढच्या पायांची काख, बोटांच्या मधली जागा वरून आणि खालूनही, शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूला, ओठांची कड, पापणी. पट्टा काढून बघा. पट्ट्याच्या शिवणीतही बारीक गोचीड बसलेले सापडतात.

काढायला बारीक टोकाचा चिमटा लागतो, भुवयांचा चालतो. कातडीला अगदी टेकवून गोचिडाचं तोंड पकडायचं आणि सरळ वर, एका दमाने पण झटका न देता ओढायचं. फुगलेल्या पोटाला धरून ओढलंत तर पोट हातात येतं आणि तोंड आत राहतं. राहिलंच तर सुईने उकरू नका. जागा धुवा, जंतुनाशक लावा. बहुतेक वेळा कातडी ते स्वतःच बाहेर टाकते. फुगलेल्या मादीच्या शेजारी एखादा चपटा, छोटा नर असतो, तोही काढायचा.

तेलाच्या प्रेमाचा पहिला घोटाळा इथेच होतो. रुतलेल्या गोचिडावर तेलाचा थेंब सोडून तो गुदमरून सुटण्याची वाट बघणं बंद करा. गोचीड फार संथ श्वास घेतो, त्याला गुदमरायला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चिडलेला गोचीड तोंडातलं-पोटातलं जखमेत सोडू शकतो. आजार त्यातूनच जातो. रॉकेल, नेलपॉलिश, पेटती उदबत्ती यांचंही तेच. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखांनी चिरडू नका. याच गोचिडातून माणसालाही ताप येऊ शकतो, त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात. साधे हातमोजे घाला, ते काय महाग नसतात.

३. बाटलीवर काय लिहिलंय?

घरातली तेलाची बाटली आणा आणि बारीक अक्षरं वाचा. तेलं दोन प्रकारची असतात. खोबरेल, तिळाचं, करंजाचं, निंबोळीचं ही पिळून काढलेली तेलं. निलगिरी, टी ट्री, लवंग, दालचिनी, पुदिना, सिट्रोनेला, संत्र्या-लिंबाच्या सालीचं ही अर्कतेलं, म्हणजे झाडाचा तीव्र वासाचा भाग एकवटून काढलेला. पिळून काढलेलं तेल बेताने चालतं. अर्कतेल कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही, पातळ करूनही नाही, असा माझा सरळ नियम आहे. "दोन थेंब टाकायचे फक्त," असं सांगणारे खूप भेटतात. पण प्रत्येक बाटलीची तीव्रता वेगळी, तुमचा थेंब आणि माझा थेंब वेगळा, आणि सात किलोच्या पग जातीच्या कुत्र्याला नि पस्तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला तेच दोन थेंब.

टी ट्री तेलाचं तर नावच घेऊ नका. अमेरिकेत 2002 ते 2012 या काळात या तेलाने विषबाधा झालेल्या 443 कुत्र्या-मांजरांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. बहुतेकांना ते चुकून लागलं नव्हतं, मालकांनीच औषध म्हणून मुद्दाम लावलं होतं. लाळ गळणं, मलूल पडणं, मागचे पाय लटपटणं, थरथर ही लक्षणं साधारण दोन ते बारा तासांत दिसतात आणि तीन दिवसांपर्यंत राहू शकतात. एखाद्या शाम्पूच्या मागे टी ट्री लिहिलेलं दिसलं तर तो अगदी सौम्य असू शकतो, पण निव्वळ तेलाची ती इवलीशी काळी बाटली वेगळी गोष्ट आहे.

आता कापूर. आपल्या घरांत खोबरेलात कापूर विरघळवून ठेवायची पद्धत जुनी आहे. सर्दीला छातीवर, उवांना डोक्यावर, गुडघ्यांना. मग तेच तेल एखादी आजी मायेने कुत्र्यालाही चोळते. कापूर कातडीतून शोषला जातो, वर कुत्रा चाटतो, म्हणजे दोन वाटांनी आत जातो आणि झटके आणू शकतो. आजीला वाईट वाटणार नाही असं सांगायचं झालं तर मी म्हणते, "आजी, तुमच्या गुडघ्याचं तेल त्याच्या पायाला नको, त्याचे गुडघे बरे आहेत."

नीमतेलातही दोन बाटल्या आहेत. एक निंबोळी पिळून काढलेलं साधं तेल: पिवळट-तपकिरी, थंडीत घट्ट होणारं, लसूण आणि शेंगदाणा एकत्र जळल्यासारखा वास. हे सियागंजातल्या जडीबुटीच्या दुकानांत मिळतं. दुसरी बियाण्यांच्या, खतांच्या दुकानातली फवारणीची बाटली. तिच्यावर 1500 पीपीएम, 10000 पीपीएम असे आकडे असतात. तेल पाण्यात मिसळावं म्हणून तिच्यात साबणासारखी रसायनं आणि द्रावक घातलेले असतात. ती कपाशी-सोयाबीनसाठी आहे. माळव्यात अर्ध्या घरांचं शेत असतं, त्यामुळे ही बाटली घरात सापडते आणि "नीमच तर आहे" म्हणून अंगावर जाते. ती नको.

साध्या नीमतेलाचं प्रमाण: 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, 50 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात. करंजालाही हेच. याहून कडक केल्याने गोचीड जास्त पळत नाहीत, कातडी मात्र भाजते. मिश्रण केल्यावर मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावा, चाटू देऊ नका आणि 24 तास थांबा. लाली, पुरळ, खाज काही दिसलं तर हे तेल तुमच्या कुत्र्यासाठी नाही. मग दुसऱ्याच्या कुत्र्याला ते कितीही मानवत असो.

आणि नीमतेल करतं काय? त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक किडीची वाढ आणि कात टाकणं बिघडवतो, वासही गोचिडाला नकोसा असतो. म्हणजे नवा गोचीड चढताना थोडा वेळ बिचकतो. पक्का रुतलेला, रक्ताने टम्म फुगलेला गोचीड नीमतेलाने गळून पडेल ही आशा सोडा. तो चिमट्यानेच निघतो.

नुसत्या खोबरेलाबद्दलही पुष्कळ विचारतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी खोबरेलातून वेगळी काढलेली मेदाम्लं गोचिडांना आणि चावऱ्या किडींना दूर ठेवतात असं दाखवलं, तेव्हापासून ही गोष्ट फिरतेय. फिरताना तिचा दुसरा अर्धा भाग गळून पडला: नुसत्या खोबरेलात तो गुण आढळला नव्हता. कोरड्या कातडीला खोबरेल चांगलं, गोचिडांवर उपाय म्हणून नाही.

खायला लसूण घालणं हाही असाच "नैसर्गिक" उपाय. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. गोचीड आधीच रक्त पितोय, त्यात ही भर कशाला?

४. लावता कसं?

तेल ओतायचं नाही. आधी गोचीड वेचायचे, मग हाताला मिश्रण घेऊन पायांना, मानेला, पोटाच्या कडेला, शेपटीच्या बुडाशी केसांच्या मुळापर्यंत पुसल्यासारखं लावायचं. मध्यम आकाराच्या कुत्र्याला चहाचे दोन-तीन चमचे पुरतात. तोंड, डोळे, कानाचं भोक, गुप्तांग, जखम, खाजवून सोललेली जागा वगळा. अर्धा तास समोर बसून राहा, चाटू देऊ नका, मग कुत्र्यांच्या सौम्य शाम्पूने आंघोळ. आठवड्यातून एकदा पुरे.

"आंघोळ घातली तर तेल निघून जाईल ना?" निघू द्या. अंगावर तेल ठेवून फायदा थोडा आणि तोटे बरेच. कुत्रा चाटतो. नीमतेल पोटात गेलं तर उलट्या, सुस्ती, जास्त गेलं तर झटके. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तेलाने चिकटलेल्या केसांतून हवा खेळत नाही. पॉमेरेनियन आणि गोल्डनसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांत तर केसांची गाठ होते आणि तिच्या आडोशाला गोचीड आणखी सुरक्षित. कुबट वास आणि चट्टे ज्यांच्याकडे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी फक्त रोजचं तेल बंद केलं की कातडी सुधारते.

तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री, आधी कधी झटके आलेला कुत्रा, यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही तेल नाही. चिमटा आणि कंगवा, बस.

५. घरात मांजर किंवा रांगतं बाळ आहे?

मांजराचं यकृत अर्कतेलांतले पुष्कळ घटक मोडू शकत नाही, आणि मांजर कुत्र्याला चाटतं, त्याच्या गादीवर झोपतं. कुत्र्यांसाठीच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला जीवघेणं ठरतं. सुगंधी तेलाचे दिवे आणि वाफारे खोलीत लावून "गोचीड पळतात" म्हणणारेही आहेत. पळत नाहीत, श्वास मात्र सगळ्यांचा कोंडतो. नीमतेलाची बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा. तान्ह्या मुलांना औषध म्हणून ते पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या आहेत.

६. आता घर. खरं दुखणं इथे आहे

हिशोब बघा. पोटभर रक्त प्यालेली एक मादी खाली उतरते आणि काही दिवसांत फटीत अंडी घालायला लागते, चार हजारांच्या आसपासही घालते. घालून झाली की मरते. उष्णतेप्रमाणे दोन ते पाच आठवड्यांत बारीक सहापायी पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात. पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात. उन्हाळ्यात हा सगळा फेरा दोन महिन्यांत पुरा होऊ शकतो. आणि उपाशी मोठा गोचीड दीड वर्षापर्यंत तग धरू शकतो. म्हणूनच "गावाला गेलो होतो, घर महिनाभर बंद होतं, तरी गोचीड कसे?" याचं उत्तर सोपं आहे. ते तुमची वाट बघत होते.

वर लिहिलेलं "दोन-तीन आठवड्यांनी बारीक गोचीड डझनावारी" हे लक्षण म्हणजे घरातच अंडी फुटल्याची पावती. बाहेरून एकदम इतके बारीक क्वचितच येतात.

रात्री दिवे घालवा आणि बॅटरी घ्या. हा गोचीड वर चढतो, त्यामुळे फक्त फरशी बघू नका. कुत्रा झोपतो तिथून सुरुवात करून बाहेर सरकत जा: गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, भिंत आणि फरशीच्या मधली पट्टी, दाराच्या चौकटीमागची फट, बिजागऱ्या, स्विचबोर्डाची कड, कॅलेंडरच्या आणि तसबिरींच्या मागची भिंत, पडद्याची वरची दुमड. इंदूरच्या घरांत माझी ठरलेली जागा म्हणजे खिडकीत बसवलेला कूलर. कूलरची पत्र्याची पेटी आणि खिडकीची चौकट यांच्या मधली फट लोक जुन्या कापडाने, पुठ्ठ्याने बुजवतात. तो पुठ्ठा ओढून काढा आणि उलटा करून बघा. पुठ्ठ्याच्या नागमोडी खाचांमध्ये चपटे गोचीड शेजारी शेजारी चिकटलेले दिसतील, आणि एखाद्या कोपऱ्यात चकचकीत, गडद तपकिरी, राजगिऱ्याहून बारीक दाण्यांचा चिकट पुंजका. ती अंडी. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून थेट साबणाच्या पाण्यात टाका, पुठ्ठा जाळा.

पुढची कामं खर्चाची फारशी नाहीत, कंटाळ्याची आहेत. गादीचं कव्हर आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. गोणपाट असेल तर सरळ फेकून द्या. भिंतीवर चालणारे चिकटपट्टीने उचला. व्हॅक्यूम असेल तर फटींवर फिरवा आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. सिमेंटच्या फटीत उकळतं पाणी चालतं, वीजबोर्डाच्या जवळ नाही. मग फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. माझ्या अनुभवात सगळ्या तेलांपेक्षा ही पुट्टीची पुडी जास्त गोचीड कमी करते. दर चार-पाच दिवसांनी एक फेरी, आणि हे दोन महिने चालू ठेवायचं, कारण आज सापडली नाहीत ती अंडी पुढच्या महिन्यात फुटणार आहेत. एकदा दणकून साफसफाई करून सोडून देणारे लोक पाचव्या आठवड्यात परत फोन करतात.

फरशीवर दाट फिनाईल ओतू नका. कुत्र्याचे तळवे त्यात भिजतात, पोळतात, आणि मग तो ते चाटतो. किडे मारायच्या खडूच्या रेघा कुत्र्याच्या जागेभोवती ओढणंही तसंच. भिंतीवर नीमतेलाचा फवारा मारला तर डाग पडतो, आणि गोचीड फटीच्या आत असतो तिथे तो पोचत नाही.

७. गल्ली आणि बाग

इंदूर 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छ शहरांच्या यादीत पहिलं आलंय, रस्ते खरंच धुतलेले असतात, पण गोचिडाला कचरा लागत नाही, कुत्रा आणि फट लागते. गल्लीतली मोकळी कुत्री तुमच्या गेटशी, स्कूटरखाली झोपत असतील तर तिथली भिंत आणि पायरी तपासा. त्यांना हाकलून काही होत नाही, दुसरी येतात. शेजारी मिळून त्या कुत्र्यांच्या गोचिडांचा बंदोबस्त केला तर सगळ्यांचाच त्रास कमी होतो. फिरून आल्यावर दारातच पाय, कान, काख बघायची सवय लावा. अंगणातलं गवत बारीक ठेवा.

८. औषध घ्यायची वेळ

सहाव्या तपासणीनंतरही महिनाभरात फरक नसेल, किंवा घर इतकं भरलंय की भिंतीवर दिवसाढवळ्या गोचीड फिरतायत, तर नुसत्या तेलावर बसू नका. मानेवर टाकायचे थेंब आहेत, महिनाभर किंवा बारा आठवडे काम करणाऱ्या गोळ्या आहेत. कुठलं द्यायचं ते कुत्र्याचं वय, वजन, जात आणि जुने आजार बघून डॉक्टर ठरवतात. काही गोळ्या झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्याला जपून द्याव्या लागतात. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुकानातून आणून टोचणारे "भिया (भाऊ), गाईला देतो तेच आहे" म्हणतात. कोली ही कुत्र्याची जात आणि तिच्या जवळच्या जाती यांत त्या औषधाने कुत्रा कोमात जाऊ शकतो. गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला न्हाऊ घालणं हाही तसाच जुगार.

थेंबांचं औषध लावलं असेल तर दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर तेलही नाही, आंघोळही नाही. त्यातली काही औषधं कातडीच्या नैसर्गिक तेलातून अंगभर पसरतात. शाम्पूने ते तेल धुऊन गेलं किंवा वर नीमतेलाचा थर बसला तर पैसे वाया. "औषधाने काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच विचारते.

पेस्ट कंट्रोल बोलवायचं झालं तर कुत्रा आहे हे आधी सांगा, कुठलं रसायन वापरणार ते विचारा, आणि फरशी पूर्ण सुकेपर्यंत कुत्र्या-मांजरांना घराबाहेर ठेवा. कुत्र्यावरचं औषध आणि घरातली फवारणी यांत किती दिवसांचं अंतर हवं ते डॉक्टरांनाच विचारा.

कुठे थांबायचं

तेल लावल्यानंतर लाळ, उलटी, लटपट, थरथर, अंग गार पडणं, झटके, यांतलं एकही दिसलं तर घरगुती उपाय संपले. भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात तेल धुऊन काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या आणि निघा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तेलाची बाटली बरोबर न्या, डॉक्टरांना सगळ्यात आधी तीच बघायची असते.

सुरुवातीला लिहिलेली तापाची, रक्ताची, पांढऱ्या हिरड्यांची लक्षणं असतील तर आज अंगावर एकही गोचीड नसला तरी जा. चावल्यानंतर आजार दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, तोवर गोचीड कधीच उतरून गेलेला असतो. डॉक्टर रक्त तपासतील, प्लेटलेट बघतील, गोचिडातून होणाऱ्या आजारांपैकी एर्लिचिया की बबेसिया ते ठरवतील. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी देऊ नका, आणि कोर्स चार आठवड्यांचा सांगितला तर कुत्रा आठवड्यात खेळायला लागला तरी पुरा करा. छोटं पिल्लू अंगभर गोचिडांनी भरलं असेल तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांकडे. त्याच्या अंगात रक्तच केवढं!

गाडी नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय वाहनासाठी 1962 हा सरकारी क्रमांक लावून बघा. गुंतागुंतीच्या केसेस डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही पाठवतात. जाताना कुत्र्याचं वजन, शेवटचं औषध कधी आणि कुठलं दिलं, तेल कुठलं आणि किती लावलं, एवढं कागदावर लिहून न्या.

गोचीड दिसेनासे झाल्यावरही दोन महिने कूलरमागची आणि गादीची फेरी चालू ठेवा. त्या काळात एकही बारीक गोचीड सापडला नाही तर महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं. मार्चमध्ये कूलर बाहेर काढाल तेव्हा मात्र नवीन पुठ्ठा लावायच्या आधी चौकटीतली फट पुट्टीने भरून घ्या.